मामांचं वरचं पाणी

डिसेंबरच्या मध्यावर मार्गळी महिना लागला की आमच्या गल्लीला जाग येते ती पाण्याच्या आवाजानं. दारादारांतून बादल्या रित्या होतात, खराटे फिरतात आणि ओल्या जमिनीवर तांदळाच्या पिठीचे कोलम उमटायला लागतात. तंजावरच्या राजवाड्याच्या मागच्या अंगाची ही गल्ली. मराठी बोलणारी घरं आता सात-आठच उरली असतील, पण कोलम सगळ्यांचेच तमिळ. थंडी म्हणाल तर महाराष्ट्रातला माणूस हसेल अशी. आम्ही मात्र कान बांधून घेतो आणि "काय गारठा हा!" असं एकमेकांना दिवसभर सांगत सुटतो.

बंगळुरूहून सुट्टीला आले की सकाळची भांडी माझ्याकडे असतात. यंदा माझ्या शेजारी भावाची मुलगी तारा उभी होती. वय वर्षं अकरा, आणि प्रश्न विचारण्यात माझ्यावर गेलेली. मी टंबलर घासले, धुतले, पालथे घातले आणि मग बाजूला भरून ठेवलेल्या पितळी चोंबूतलं थोडंसं पाणी त्यांच्यावरून ओतलं.

"आत्या, धुतलेलं पुन्हा काय मणून धुतेस?"

"धूत नाही गे. वरचं पाणी घालते."

"मणजे?"

आता हे सांगायचं कसं? आमच्याकडे भांडं घासून धुऊन झालं की वेगळ्या ठेवलेल्या पाण्याची एक शेवटची धार त्यावर सोडतात. धुण्यात ती कोणी धरत नाही. पण ती सोडल्याशिवाय भांडं बेष झालं असंही कोणी म्हणत नाही. ताराच्या वयाची असताना मीही आईला हेच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "तैसेंच असतें." ते उत्तर मला मुळीच पटलं नव्हतं. 'असं का' विचारून शिक्षकांना हैराण करणारी मुलगी होते मी, आणि पुढे त्याच खोडीवर मी पोट भरलं. पण एका मार्गळीत, विचारायलाच हवा होता असा एक प्रश्न मी विचारला नाही. त्यापायी परशुराममामांच्या हातचं काम गेलं. टंबलरवरून पाणी ओघळत होतं आणि तारा उत्तरासाठी थांबली होती. माझ्या डोक्यात मामा होते.

शतक बदलण्याच्या आगेमागे असलेलं ते वर्ष. पिवळ्या एसटीडी बूथांच्या शेजारी ब्राउझिंग सेंटरं निघत होती, घराघरांत केबल आलं होतं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं कॉम्प्युटर शिकायला बंगळुरूला पळाली होती. मी मात्र इथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढत बसले होते. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक फ्रीज, आणि खिडकीबाहेर कालवा. कालव्यापलीकडे सांबा भात पिकून पिवळं झालेलं होतं. ते शेत बघत बघत माझी पहिली कॉफी व्हायची.

मला वेड लागलं होतं ते एकाच गोष्टीचं. शरीराची एक राखण अशी आहे की ती शिकावी लागत नाही. एक आजार होऊन गेला की शरीर शहाणं होतं, लस टोचली की शिकतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण काही पेशी जन्मतःच शहाण्या असतात. जो जंतू त्यांनी कधी पाहिलेला नाही, त्याच्या कातीचा, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा, तुकडा नुसता समोर आला तरी त्यांना कळतं की हा आपल्यातला नव्हे. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनाही परका माणूस वळणावरच ओळखू येतो. पण त्यांनी निदान साठ वर्षं गल्ली पाहिलेली असते. या पेशीला कोणी सांगितलं? तिच्या अंगावर काही ग्राही असतात, दारांसारखे. जंतूची कात त्यातल्या एखाद्या दारावर आदळली की आत खबर जाते, पेशी बोंब ठोकते, आणि त्या बोंबेपायी आपल्याला ताप भरतो. त्या काळी ही दारं नुकतीच कुठे सापडायला लागली होती. कोणता जंतू कुठलं दार ठोठावतो, हे जगात अजून कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. नुसत्या त्या विचारानंच मला झोप लागत नसे.

दार ओळखायची युक्ती सोपी होती. ते बंद करून बघायचं. फक्त त्याच दाराला चिकटेल असा प्रतिपिंड आधी पेशींवर घालायचा. प्रतिपिंड दार झाकून बसला की मागून जंतूची कात घालायची. पेशी गप्प राहिली, तर खबर त्याच दारानं जात होती. बोंबलली, तर दुसरं काही. पेशी बोंबलली हे कळायचं रंगावरून. छोट्या खळग्यांच्या ताटलीत रसायनं घातली की बोंब असेल तिथं पिवळा रंग चढे आणि नसेल तिथं पाणी पाण्यासारखंच राही.

आम्हाला शोधायचं होतं ते आमच्याच शेतांतलं दार. दर वर्षी पाऊस सरता सरता इथल्या शेतांत ताप यायचा. उंदरांच्या मुतातून तो जंतू शेताच्या पाण्यात उतरतो आणि पायांच्या भेगांतून माणसात शिरतो. अनवाणी कापणी करणाऱ्या बायका तापानं फणफणून यायच्या, त्यातल्या काहींची मूत्रपिंडं जायची. हा जंतू पेशीचं कुठलं दार ठोठावतो? माझ्या मार्गदर्शक सेल्वी मॅडम म्हणायच्या, "आधी दार समजू दे. मग कुलुपाचं बघू." तमिळमध्ये ते आणखी ठसक्यात वाटायचं.

तो प्रतिपिंड परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं आम्हाला फुकट पाठवला. ब्राउझिंग सेंटरातून मी विनवण्यांच्या इतक्या ईमेली केल्या होत्या की ते बहुधा कंटाळूनच कबूल झाले असावेत. नखाएवढी एक कुपी. त्यात तीन ताटल्यांपुरता माल, आणि दुसरी मिळणार नाही असं स्वच्छ लिहिलेलं. थर्मोकोलच्या खोक्यात कोरड्या बर्फात बसून ती चेन्नईहून बसनं आली. आणायला परशुराममामा गेले.

मामा आमचे अटेंडंट. तेव्हा पन्नाशी उलटलेले, पांढरी लुंगीवजा वेट्टी, वर खाकी शर्ट. आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्यांवर त्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्यांचं तंजावुरी मराठी घराणं. मराठी बोलायचे ती थेट माझ्या आजोबांसारखी, अर्धी जुनी आणि अर्धी तमिळ, पण वाचायचे फक्त तमिळ. प्रयोगशाळेतलं सगळं काचसामान त्यांच्या हातचं. बाटल्या, नळ्या, पिपेट सगळं ते घासायचे, धुवायचे आणि वाफेच्या भांड्यात घालायचे. त्यांच्या हातची बाटली उजेडात धरली तर काच आहे की नाही असा प्रश्न पडावा. बसस्टँडवरून ते रिक्षानं आले तेव्हा खोकं मांडीवर होतं.

"सायकलवर आणलें नाहीं गे," ते म्हणाले. "हादरे बसले तर? इतक्या लांबून आलेलें."

पहिली ताटली दुसऱ्या, नेहमीच्या जंतूच्या कातीची केली. युक्ती चालते का, एवढंच बघायला. नुसती कात घातलेले खळगे पिवळेजर्द झाले. आधी प्रतिपिंड घातलेले स्वच्छ राहिले. दार खरंच बंद झालं होतं! मी भिंतीला टेकून हसत सुटले. मॅडमनी दोनदा डोळे पुसले आणि चष्म्याला वाफ आली म्हणून सांगितलं. मामांनी ताटली दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ पाहिली.

"मणजे त्या पेशीला कळलेंच नाहीं, शत्रू आला मणून?"

"नाही मामा. दारावर कुलूप होतं."

"बेष," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आंत बसून तिला काय वाटलें असेल?"



दुसरी ताटली शेतातल्या जंतूची. मारलेल्या जंतूची कात घातली, निम्म्या खळग्यांत आधी प्रतिपिंड. सगळे पिवळे झाले. प्रतिपिंड आहे-नाही, पेशींना पर्वाच नव्हती. असं कसं? माझं काही चुकलं असेल म्हणून तिसरी ताटली करायची ठरली. त्या दिवशी रक्त द्यायला कबूल झालेला कारकून आलाच नाही.

"माझें घे," मामा म्हणाले आणि बाही वर करून बसले.

तिसरी ताटलीही पिवळी झाली. कुपी संपली.

त्या दुपारी मॅडम नुसती बोटं टेबलावर वाजवत होत्या. मग त्यांनी विचारलं, "काचसामान कसं धुतलं जातं?" तेव्हा मला सकाळचं आठवलं. मोरीत धुऊन मांडलेल्या बाटल्या, आणि मामा पितळी चोंबूतून त्यांच्यावर पाण्याची धार सोडताहेत. वरचं पाणी! वाफेनं जंतू मरतो, पण त्याची कात वाफेला दाद देत नाही. घरगुती चोंबूतलं पाणी म्हणजे कुठकुठली कात घेऊन आलेलं पाणी. झालं, उत्तर सापडलं. मी ते मॅडमना सांगून टाकलं.

त्यांनी मामांना हाक मारली. "परशुरामराव, बाटल्यांवर चोंबूतलं पाणी घालता?"

"होय अम्मा. वरचें पाणी." त्यांनी ते अभिमानानं सांगितलं. आणि मग माझ्याकडे पाहिलं, कारण हा शब्द त्या खोलीत फक्त मलाच कळणार होता.

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

मला लाज वाटली होती, आणि चूक झाल्याची लाज त्यात फार थोडी होती. लाज होती ती त्या चोंबूची. ईमेल, प्रतिपिंड, परदेशातून आलेलं खोकं, आणि त्या सगळ्यात आमच्या घरच्या मोरीतलं पितळ. मी त्या गल्लीतून आले आहे हे त्या क्षणी कोणाला कळू नये असं मला वाटत होतं, आणि मामांना तर ते कळलेलंच होतं.

मॅडम म्हणाल्या, यापुढे काचसामान दुसरं कोणी धुवेल. मामा म्हणाले, "सरि, अम्मा." सोमवारपासून त्यांना रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. फायली लावायच्या, धूळ झटकायची. जाताना त्यांनी चोंबू टॉवेलात गुंडाळून नेला. पुढच्या आठवड्यात पोंगल आला. दर वर्षी ते प्रयोगशाळेत ऊस आणून द्यायचे, त्या वर्षी आणला नाही. माझ्या प्रबंधात एक वाक्य गेलं, की काचसामान धुताना झालेल्या चुकीमुळे शेवटच्या दोन प्रयोगांचे निष्कर्ष धरता येत नाहीत. मला पदवी मिळाली.

काही वर्षांनी, बंगळुरूच्या नोकरीत, दुपारी ग्रंथालयात एक अंक चाळताना मी थबकले. आमचाच तो शेतातला जंतू. लांबच्या देशातल्या कोणीतरी दाखवलं होतं की माणसाच्या पेशीत तो आम्ही झाकलेलं दार ठोठावतच नाही. त्याची खबर शेजारच्या दारानं आत जाते. आम्ही पुढचं दार लावून बसलो होतो आणि पाहुणा बाजूच्या दारानं आत गेला होता. म्हणजे पेशी पिवळ्या होणारच होत्या. उत्तर आमच्या हातात पडलं होतं, आणि मी ते मोरीतली घाण म्हणून फेकून दिलं होतं.

घरी येऊन ट्रंकेतली जुनी वही काढली. तिसरी ताटली. प्रत्येक ताटलीत आठ खळगे मी रिकामे ठेवत असे. रिकामे म्हणजे पेशी होत्या, त्यांच्यावर त्याच बाटल्यांतला द्रव होता, पण कात घातलेली नव्हती. त्या आठांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'रंग नाही'. मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. मामांच्या पाण्यात काही दोष असता, तर तो त्या आठांतही उतरला असता आणि ते आठही पिवळे झाले असते. ते स्वच्छ होते. वर आणि त्या ताटलीत पेशी कोणाच्या, तर मामांच्याच. त्यांच्या रक्तातल्या पेशी त्यांच्या बाजूनं सांगत होत्या, मी टिपूनही घेतलं होतं, आणि ऐकलं नव्हतं.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझीही चूक आहे. पण हे तू मला नको सांगूस, त्यांना सांग."

मी सांगितलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण नाही सांगितलं. पहिल्या वर्षी वाटलं, एवढ्यात नको. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता काय सांगायचं! मग मामा निवृत्त झाले, मॅडम गेल्या, आणि मी दर मार्गळीत घरी आले की भाजीबाजाराकडून वळसा घालून जायला लागले. मी स्वतःला जिज्ञासू म्हणवते. पेशीला काय कळतं, कसं कळतं, हे विचारण्यात माझी सगळी उमर गेली. पण "मामा, या चोंबूत पाणी कुठलं?" हे पाच शब्द तेव्हा तोंडातून निघाले नाहीत, आणि पुढे वीस-बावीस वर्षांत त्यांच्या ओट्यापर्यंत पाय वळले नाहीत.

यंदा ताराला उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी हात पुसले आणि म्हटलं, "चल, एका मामांना विचारू." गल्लीत कोलम वाळले होते. एका कोलमाच्या मध्ये शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं फूल खोचलेलं होतं, ते तारानं वाकून पाहिलं. 

मामा ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या घरातले, अंगानं वाळलेले. कान मात्र शाबूत. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"ये गे, ये. ही कोण? भावाची?" आणि आत तोंड करून सुनेला, "कॉफी घाल तिघांची."

मी प्रस्तावना जमवत होते. जमली नाही. सरळ सांगून टाकलं. शेतातला जंतू दुसऱ्याच दारानं जातो, ताटल्या बरोबर होत्या, पाण्यात दोष नव्हता, चूक माझी होती, आणि मला हे कळून कितीतरी वर्षं झाली.  तारा माझ्याकडे टक लावून बघत होती.

मामा जरा पुढे सरकून बसले.

"दोष नव्हता हें कशावरून?"

मी त्यांना आठ रिकाम्या खळग्यांचं सांगितलं.

"आठही स्वच्छ?"

"आठही, मामा."

"एकही पिवळा नाहीं?"

"एकही नाही. तुमच्याच पेशी होत्या त्या."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "चोंबू होता माझा. पाणी तुमच्याच यंत्राचें होतें. सकाळीं पहिलें ऊर्ध्वपातन झालें कीं पहिला शेर सांडून द्यायचों आणि दुसरा चोंबूत धरायचों. अगदीं ताजें. त्या कॅनमधलें शिळें असायचें मणून. तूं विचारली असतीस तर सांगितलों असतों."

"का विचारलं नाही, मलाच कळत नाही."

"मीही सांगितलों नाहीं कीं. मला वाटलें, तूं शिकलेली, तुला दिसलें असेल कांहीं." ते हातांकडे पाहत होते. "दर मार्गळीला बसतों आणि विचार करतों. पाणी तर बेष होतें. मग दोष हातांत असेल काय? त्या दिवसापासून ह्या घरांत वरचें पाणी नाहीं. देवाच्या भांड्यांवरही घातलों नाहीं. माझ्या हातानें भांड्याला काय लागतें, हें कळेपर्यंत घालायचें कशाला?"

 मी रडत होते. तारानं माझा हात धरला.

"दुसरें दार कुठलें, तें सांग," मामा म्हणाले.

मी ओट्यावरच्या धुळीत बोटानं पेशी काढली, तिच्या कडेला दोन दारं काढली, आणि सांगत गेले. त्यांनी तीनदा मध्येच थांबवून विचारलं. एका प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही, तसं मी सांगितलं.

तेवढ्यात सून कॉफी घेऊन येताना दिसली. "थांब," मामा तिला म्हणाले आणि भिंत धरत उठले. कोनाड्यात तो चोंबू होता. आत किल्ल्या आणि शर्टांची तुटकी बटणं भरलेली. त्यांनी ती सगळी चटईवर ओतली. ओट्याखालच्या नळाशी बसून चोंबू चिंचेनं घासला, दोनदा धुतला, भरला. सुनेकडून तीन रिकामे टंबलर मागून घेऊन ते नळाखाली धुतले आणि ओट्याच्या कडेला पालथे मांडले. मग चोंबू वाकवून त्यांच्यावर एक बारीक धार सोडली, अगदी सावकाश, एका टंबलरवरून दुसऱ्यावर.

"आतां घाल कॉफी," ते म्हणाले.